'मला काही सुचतच नाही' म्हणणाऱ्यांसाठी थोडे घरगुती उपाय

मागच्या संक्रांतीला आमच्या सोसायटीत हळदीकुंकू होतं. क्लबहाऊसमध्ये सतरंज्या टाकलेल्या, वाण म्हणून स्टीलच्या छोट्या चाळण्या, आणि तिळगूळ वाटून झाल्यावर नेहमीचं ते "चला, आता नावं घ्या". पहिल्या वहिनींनी छान उखाणा घेतला, टाळ्या पडल्या. चौथ्या नंबरला बी विंगमधल्या ताईंनी घेतला तर तोच! फक्त नवऱ्याचं नाव वेगळं. सगळ्या हसल्या. माझा नंबर सातवा, पदराआड मोबाईल, मोबाईलमध्ये नेटवरून काढलेला स्क्रीनशॉट, आणि त्या स्क्रीनशॉटमध्ये परत तोच उखाणा. मग काय, हिमालयावरच्या बर्फाच्या राशी घेतल्या आणि खाली बसले. ठाण्याला, जानेवारीत पंखा फुल स्पीडवर, आणि मी हिमालय घेतेय.

घरी येताना आजी आठवत होती. चौथी शिकलेली बाई, पण पंगतीत पानात काय वाढलंय ते बघून जागच्या जागी उखाणा जोडायची, मग ते अळूचं फदफदं असो नाहीतर मठ्ठा. आणि मी बीकॉम, वाशीला अकाउंट्समध्ये पंधरा वर्षं काढलेली, मला दोन ओळी सुचेनात म्हणजे काय.

तर गेलं वर्षभर मी या एकाच गोष्टीच्या मागे लागलेय, की सुचणं बंद का होतं आणि परत सुरू कसं करायचं. थोडं वाचलं, बरंचसं घरात आणि ट्रेनमध्ये करून बघितलं. त्यातलं जे चाललं ते लिहितेय, जे फसलं तेही सांगते. हे चित्रकार-लेखक मंडळींसाठी नाहीये, त्यांचं ते बघून घेतील. ज्यांना रोज डब्याला काय, मुलाच्या प्रोजेक्टला काय, साहेबांना काय सांगून लवकर निघायचं हे सुचावं लागतं त्यांच्यासाठी आहे. दिवसभर आपण शक्कलच तर लढवत असतो, पण तिला कोणी कल्पनाशक्ती म्हणत नाही म्हणून ती आपल्याकडे आहे हेच विसरायला होतं.

आधी उखाणा, कारण सोपा आहे

उखाणा जोडायचा तर मागून सुरुवात करा. आपण पहिली ओळ काहीतरी भारी करायला जातो आणि मग दुसरीला यमक सापडत नाही म्हणून सोडून देतो, तिथेच सगळं अडतं. त्यापेक्षा आज दिवसभरात डोळ्यासमोर आलेली एक साधी वस्तू घ्या. मी 'सीट' घेतली, कारण ठाणे-वाशी ट्रेनमध्ये माझा सगळा दिवस त्यावर ठरतो. मग सीटला जुळणारे शब्द कागदावर लिहिले: नीट, वीट, धीट, पीठ, मीठ. शेवटचे दोन काही शुद्ध यमकाचे नाहीत पण हळदीकुंकवाला चालून जातात, तिथे कोणी व्याकरण तपासायला बसत नाही. आता यातला एक शब्द दुसऱ्या ओळीच्या टोकाला ठेवा आणि मागे मागे भरत या. माझं झालं ते असं:

दिघ्यापर्यंत उभी होते, ऐरोलीला मिळाली सीट,
…रावांचं नाव घेते, आता ऐका नीट.

साहित्य म्हणून दोन पैशाचं, मान्य. पण ज्या बायका त्याच ट्रेनने जातात त्यांनी अशा टाळ्या वाजवल्या की विचारू नका, कारण ऐरोलीला आयटीवाले उतरतात आणि डबा मोकळा होतो हे प्रत्येकीला अंगावरून गेलेलं माहितीये. एकदा एक जमला की मग थांबत नाही. पुढच्याच आठवड्यात हा झाला:

घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकली माझी रिक्षा,
…रावांना चहा करायला लावला, हीच त्यांची शिक्षा.

आणि सासूबाई, ज्या "मला बाई नाही येत असलं काही" म्हणत होत्या, त्यांनी भाजी निवडता निवडता मला गार केलं:

डॉक्टर म्हणाले शुगर आहे, भात खा कमी,
…रावांनी लपवला पेढा, शोधून काढला मी.

सासरे बाहेरच्या खोलीत होते, त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

यातून मला एक कळलं, आणि पुढचं बाकी सगळं त्याच्याच आसपास आहे. सुचायला दूरचं काही लागत नाही. हिमालय लागत नाही. समोर जे पडलंय त्याच्याकडे नीट बघायला लागतं, आणि बघायला थोडा रिकामा वेळ लागतो. तोच तर आपण मोबाईलला देऊन टाकलाय.

ट्रेनमधला अर्धा तास

हा सगळ्यात अवघड उपाय, म्हणून आधी सांगून टाकते. ठाण्याला नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रेन सुटली की वाशी यायला साधारण अर्धा तास. एवढा वेळ मोबाईल पर्समध्ये, पर्सची चेन बंद, कानात काही नाही. गाणी पण नाही. पहिले चार दिवस मला अक्षरशः हात कुठे ठेवावे कळेना, तुर्भे येईपर्यंत तीनदा चेन उघडली. पाचव्या-सहाव्या दिवशी डोकं आपसूक इकडेतिकडे भटकायला लागलं, समोरच्या बाईच्या डब्यात काय असेल, ती कोणावर चिडली असेल, असलं फालतूच. पण त्या फालतूतूनच मला मुलीच्या वाढदिवसाची आयडिया मिळाली (त्यावर नंतर).

कंटाळा येऊ देणं हे काही मी शोधून काढलेलं नाही. ब्रिटनमधल्या दोघी मानसशास्त्रज्ञांचा २०१४ साली छापून आलेला एक प्रयोग आहे, त्यात काही लोकांना पंधरा मिनिटं टेलिफोन डिरेक्टरीतले नंबर उतरवून काढायला बसवलं. नुसते नंबर, दुसरं काही नाही. मग त्यांना विचारलं, हे दोन थर्मोकोलचे कप, यांचे काय काय उपयोग होतील सांगा. तर ज्यांना हा कंटाळवाणा कारभार करायला लावला नव्हता त्यांच्यापेक्षा या बिचाऱ्यांना जास्त उपयोग सुचले. मला हे वाचून इतकं बरं वाटलं, पंधरा वर्षं मी एक्सेलमध्ये नंबरच तर उतरवतेय, म्हणजे माझी तयारी जोरदार झालेली असणार.

चालण्याचंही तसंच आहे. त्याच वर्षी, २०१४ मध्ये, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी लोकांना बसवून आणि चालवून एकाच प्रकारचे प्रश्न दिले, तर चालताना वेगवेगळ्या कल्पना सुचण्याचं प्रमाण सरासरी ६० टक्क्यांनी वाढलं. गंमत म्हणजे समोर कोरी भिंत ठेवून ट्रेडमिलवर चालवलं तरी फरक पडला, म्हणजे निसर्ग वगैरे असलाच पाहिजे असं नाही. तरी मी म्हणेन तलावपाळीला जा, कोपिनेश्वराच्या बाजूने सुरुवात करून रंगायतनवरून फिरून या, भेळवाल्याच्या समोरून जाताना मन घट्ट करा. पण एक लक्षात ठेवा, याच प्रयोगात ज्या प्रश्नांना एकच बरोबर उत्तर असतं तिथे चालण्याचा फायदा झाला नाही. म्हणजे ताळेबंद जुळत नसेल तर तलावाला फेरी मारून उपयोग नाही, गुपचूप खुर्चीत बसा.

दुधाची पिशवी

हा माझा लाडका. गिलफर्ड नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी गेल्या शतकात सर्जनशीलता मोजायला एक साधी चाचणी बसवली: एक नेहमीची वस्तू द्यायची, विटेसारखी, आणि तिचे जमतील तेवढे वेगवेगळे उपयोग विचारायचे. आम्ही ट्रेनमध्ये चौघीजणी विटेऐवजी दुधाची रिकामी पिशवी घेतो, कारण ती रोज प्रत्येकीच्या ओट्यावर असते.

पहिले आठ-दहा उपयोग सगळ्यांचे सारखे येतात. कचरा टाकायला, पावसात मोबाईल ठेवायला, रोप लावायला, मेंदीचा कोन करायला, जिलबीचं पीठ सोडायला. यात शिळेपणा आहे पण तो आधी बाहेर पडू द्यायचा, नळाला सकाळी आधी गढूळ पाणी येतं तसं. बाराव्या-तेराव्याला सगळ्या गप्प होतात. इथेच लोक सोडतात आणि इथेच सोडायचं नसतं. त्या गप्प मिनिटानंतर एकजण म्हणाली, पट्ट्या कापून वेणी घालायची आणि आसन विणायचं, तिच्या मावशीने खरंच विणलं होतं म्हणे. मग एकीने सांगितलं फुगवून तोंड बांधायचं आणि मुलाला पोहायला शिकवताना दंडाला लावायचं (हे करू नका, कोणीतरी बुडेल). मग, चार पिशव्यांत रंगीत पाणी भरून गॅलरीत टांगलं की कबुतरं येत नाहीत. आलीच. पण कल्पना म्हणून भारी होती. आमचा रेकॉर्ड ३१ आहे, घणसोली ते सानपाड्याच्या मध्ये.

नियम एकच: मोजत असताना "हे कसं शक्य आहे" म्हणायचं नाही. ते वाशीला उतरल्यावर जिन्यात म्हणा. सुचणं आणि तपासणं ही दोन कामं एकाच वेळी केली की सुचणारं मन घाबरून गप्प बसतं, ऑफिसच्या मीटिंगमध्ये काय होतं आठवा, नवीन मुलगी काहीतरी बोलते आणि कोणीतरी लगेच "बजेट कुठून आणणार?" करतं, मग ती वर्षभर तोंड उघडत नाही.

लोणचं मुरू द्या

मुलीच्या वाढदिवसाची गोष्ट. तिला दहावं वर्ष लागणार होतं आणि तिला 'काहीतरी वेगळं' पाहिजे होतं, पैसे मात्र वेगळे नव्हते. मी आठवडाभर यादी करत बसले, हॉल, मॅजिक शो, टॅटूवाला, सगळ्यांकडे तेच. वैतागून वही बंद केली आणि चार दिवस विषयच सोडून दिला. पाचव्या दिवशी रबाळ्याच्या पुढे, खिडकीबाहेर बघताना, एकदम डोक्यात आलं की मुलांना प्रत्येकी एक रिकामा खोका द्यायचा, रंग, कात्री, चिकटपट्टी, आणि म्हणायचं दोन तासांत शहर बांधा. किराणावाल्याकडून फुकट खोके आणले. नऊ मुलांनी आमच्या हॉलमध्ये शहर बांधलं, त्यात दोन दवाखाने, एक डायनासोर, आणि एका मुलाने नुसतं पार्किंग बांधलं, कारण तो घोडबंदर रोडला राहतो.

हे जे मध्ये विषय सोडून देणं आहे ना, त्याला मान आहे. १९२६ साली ग्रॅहम वॉलस नावाच्या इंग्रज अभ्यासकाने विचार कसा घडतो याचे चार टप्पे सांगितले होते. आधी तयारी, मग तो विषय मनाच्या मागच्या खोलीत पडून राहणं, मग अचानक सुचणं, आणि शेवटी सुचलेलं तपासून घेणं. दुसऱ्या टप्प्याला त्याने अंडं उबवण्याचा शब्द वापरलाय, मला विचाराल तर आपला 'मुरणं' हा शब्द जास्त चपखल आहे. कैरी चिरली, मीठ-मसाला लावला, बरणीत भरलं, आता तासातासाला झाकण उघडून बघण्यात अर्थ नाही.

पण कैरी आधी चिरावी लागते हे विसरू नका. तयारी न करता नुसतं खिडकीबाहेर बघत बसलात तर रबाळे येईल आणि जाईल, सुचणार काही नाही. माझी ती वैतागवाणी आठवड्याची यादी फुकट गेली असं मला तेव्हा वाटलं होतं, खरं तर तिनेच मसाला लावला होता.

कमी सामान

सगळं हाताशी असलं की सुचत नाही, हा माझा अनुभव आहे. नवीन मिक्सर, तीन जार, युट्यूबवर हजार रेसिप्या, आणि संध्याकाळी सात वाजता प्रश्न तोच, आज काय करू. याउलट महिनाअखेरीला फ्रिजमध्ये तीनच गोष्टी उरलेल्या असतात तेव्हा काय एकेक निघतं! मध्ये एकदा दोन वाट्या सकाळचा भात, कोबीचा चतकोर आणि तळाला गेलेलं दही एवढंच होतं. भात कुस्करला, कोबी किसून त्यात, दही, मावेल तेवढी भाजणी, ओवा, तिखट, तव्यावर थापलं, मध्ये भोक पाडून तेल सोडलं. थालीपीठ म्हणावं तर नाही आणि वडा म्हणावं तर नाही. मुलाने त्याचं नाव 'कोभादा' ठेवलं आणि आता त्याला डब्याला तेच पाहिजे असतं.

बंधनाचं सगळ्यात सुंदर उदाहरण तर आपल्याच मागच्या अंगणात आहे. वारली चित्रं बघा. पालघर २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, तिथल्या पाड्यांवरची ही कला. गेरूने नाहीतर शेणाने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा एकच पांढरा रंग, बांबूची काडी ठेचून केलेला ब्रश. आकार मोजून तीन, गोल, त्रिकोण आणि चौकोन. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणूस झाला, आणि तो नाचतो, जाळं टाकतो, भात कापतो. लग्नात सवाष्णी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायच्या, 'लिहायच्या' असंच म्हणतात, काढायच्या नाही. जिव्या सोमा म्हशे यांनी पुरुष असून हे हातात घेतलं, भिंतीवरून कागदावर आणलं, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तीन आकार आणि एक रंग, बघा.

तर करायचं असं, की जे काही करताय त्यातल्या दोन गोष्टी मुद्दाम काढून घ्या. रांगोळी काढताय तर एकच रंग वापरा. मुलाला गोष्ट सांगताय तर राजा, जंगल आणि वाघ बंद. रविवारी एक दिवस नवीन काही न आणता स्वयंपाक. सुरुवातीला चिडचिड होते, ती होऊ द्या.

चित्र दिसत नसेल तर

एक छोटीशी गोष्ट, पण सांगायला पाहिजे. डोळे मिटा आणि हापूस आंबा आणा डोळ्यासमोर. काहींना देठ, त्यावरचा चीक, सगळं दिसतं. आमच्या ह्यांना काहीच दिसत नाही, अंधार. त्यांना चाळीस वर्षं वाटत होतं की 'डोळ्यासमोर आणा' हे लोक नुसतं बोलायला म्हणून बोलतात. याला अफँटेजिया म्हणतात, हे नाव २०१५ साली ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्ट अ‍ॅडम झीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. आजार नाही, मेंदूची एक तऱ्हा आहे. आणि हाच माणूस घरातली कुठलीही बिघडलेली वस्तू हेअरपिन, रबर आणि शिव्या एवढ्या सामानावर चालू करून दाखवतो. तेव्हा चित्र दिसत नाही म्हणून आपण कल्पनाशून्य असं समजून बसू नका.

मन चिंती ते

कल्पनाशक्ती आपल्याकडे नाही म्हणणाऱ्या प्रत्येक आईला मी एकच विचारते, मुलगा रात्री साडेदहाला घरी आला नाही आणि फोन लागत नाही, तेव्हा दहा मिनिटांत तू काय काय बघितलंस? ॲक्सिडेंट, हॉस्पिटल, पोलीस, सगळं रंगीत आणि आवाजासकट. मन चिंती ते वैरी न चिंती हे उगाच नाही म्हणत. म्हणजे यंत्र व्यवस्थित चालू आहे, फक्त एकाच गिअरमध्ये अडकलंय.

अशा वेळी 'विचार करू नको' या सल्ल्याचा काडीचा उपयोग होत नाही. मी काय करते, तर त्याच गोष्टीचे अजून तीन शेवट बनवते, आणि जितके बारीक तपशील घालता येतील तितके घालते. एक, मॅच ओव्हरटाईमला गेली आणि चार्जिंग संपलं. दोन, मित्राच्या घरी मिसळ खातोय आणि फोन बॅगेत. तीन, लिफ्टमध्ये अडकलाय आणि वॉचमन झोपलाय. तीन शेवट होईपर्यंत बहुतेक वेळा बेल वाजते. भीती पूर्ण जाते असं नाही, पण ती एकटी राज्य करत नाही. (त्या दिवशी मिसळ होती.)

खाडीपलीकडे बघणं

हा भाग उपाय म्हणून कसा बसवायचा मला नीट माहीत नाही, पण रोज नवी मुंबईत कामाला जाते म्हणून लिहितेय. १९६०च्या दशकात मुंबई फुगत चालली होती, आणि चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे बोट दाखवलं, की शहर इकडेतिकडे ताणत बसण्यापेक्षा तिकडे नवीन उभं करू. १९६५ साली एका नियतकालिकात हा विचार छापून आला, १९७० मध्ये ते शहर उभारायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि आज मी त्या कागदावरच्या वाशीत जीएसटी रिटर्न भरते. तिघांच्या डोक्यातली गोष्ट, आणि आता त्यात लाखो लोक राहतात. केवढी ही झेप.

पण ती जमीन काही कोरा कागद नव्हती. तिथे आगरी-कोळी लोकांची ९५ गावं होती, भातशेती, मिठागरं, मासेमारी होती. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी चाललेल्या दि. बा. पाटलांच्या आंदोलनात उरण भागात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. नकाशा काढताना त्या नकाशातल्या माणसाच्या अंगणात उभं राहून बघणं, ही पण कल्पनाशक्तीच, आणि माझ्या मते जास्त अवघड जातीची.

घरच्या घरी याचा सराव असा: ज्याच्याशी भांडण झालंय त्याच्या तोंडून तोच प्रसंग लिहा. 'मी' म्हणून लिहायचं, दहा ओळी, त्याच्या भाषेत. मी सासूबाईंच्या बाजूने फ्रिज बदलण्याचं भांडण लिहायला बसले. सातव्या ओळीला माझ्या लक्षात आलं की जुना फ्रिज त्यांनी स्वतःच्या भिशीच्या पैशाने घेतलेला होता, त्या घरातली त्यांची स्वतःची म्हणावी अशी ती एकच मोठी वस्तू. नवीन फ्रिज आला, पण जुना आता गॅलरीत त्यांचं धान्य ठेवायचं कपाट आहे. चालू नाहीये, पण आहे.

आधी एक रोप

आता समजा सुचलं. मग लोक काय करतात, तर एकदम मोठं काढतात आणि अर्ध्यात सोडतात. मीही केलंय, मोठ्या कापडावर वारली काढायला घेतली, ते कापड अजून माळ्यावर आहे, त्यावर दीड माणूस आहे.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट मला म्हणूनच आवडते. १९१२ मध्ये ते लंडनहून कॅमेरा आणि सामानाची व्यवस्था करून आले, पण सिनेमाला पैसे कोण देणार. तर त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण करत गेले. दाखवला तेव्हा मिनिटभरात कोंब फुटून त्याचा वेल होताना लोकांना दिसला. त्यावरून पैसे उभे राहिले, आणि १९१३ साली राजा हरिश्चंद्र पडद्यावर आला. घरात सरस्वतीबाई फिल्म धुणं, तिला भोकं पाडणं इथपासून सगळ्या युनिटचा स्वयंपाक करण्यापर्यंत राबत होत्या, हे सांगताना लोक तेवढं पुढे जात नाहीत म्हणून मुद्दाम लिहिलं.

तुमच्या कल्पनेचा वाटाणा कुठला ते शोधा. टिफिनचा धंदा करायचाय तर आधी शेजारच्या एका घराला आठवडाभर डबा. नाटक लिहायचंय तर गणपतीत पाच मिनिटांचं. आणि खर्च होईल असं काही लगेच विकत आणू नका, मी आधी महागडे ब्रश आणले होते, तेही माळ्यावरच आहेत.

किल्ला

शेवटी दिवाळीचं, कारण ते जवळ आलं की सगळ्यांना घाई होते. बाजारात आता तयार किल्ले मिळतात, रंगवलेले, बुरूज-बिरूज सगळं, घरी आणून ठेवला की झालं. ते म्हणजे नेटवरचा उखाणा. मुलांना माती द्या.

आमच्याकडे पार्किंगच्या कोपऱ्यात जागा मिळवायलाच कमिटीला तीनदा पटवावं लागलं. विटांचा ओबडधोबड ढीग रचायचा, गोणपाट पातळ चिखलात बुडवून त्यावर टाकायचं, मग नर्सरीतली लाल माती कालवून लिंपायची. अळीव वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरा, नाहीतर दिवाळी संपल्यावर हिरवळ येते. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, आम्ही पहिल्या वर्षी ओतलं आणि अर्धा गड रात्रीत खाली आला.

मोठ्यांसाठी एकच काम, हात मागे बांधून उभं राहणं. जमत नाही. आमचे हे पहिल्या दिवशी "अरे तटबंदी अशी नसते" करत मध्ये घुसले आणि मुलं हळूहळू बाजूला होऊन मोबाईल बघायला लागली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना भाजी आणायला पाठवलं. मग गडावर हेलिपॅड झालं, दरवाज्याशी पाणीपुरीची गाडी लागली, आणि मावळ्यांच्या रांगेत एक स्पायडरमॅन उभा राहिला, त्यावर दोन आजोबांनी आक्षेप घेतला तेव्हा कळलं की तो आग्र्याहून आलेला हेर आहे.

यंदा डाव्या अंगाला अळीव उगवलंच नाही. बहुतेक तिकडे शिंपडायचं राहिलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सगळी सोसायटी बघायला आलेली, एक काका वाकून म्हणाले, "इकडे का रे असं ओसाड?" मला वाटलं आता पोरगं ओशाळणार. तो म्हणाला, "तिकडे दुष्काळ पडलाय काका, महाराजांनी त्या गावाचा सारा माफ केलाय."